पुलावरचे दोन ठोके

मामांची गोष्ट सुरू व्हायची ती गॅलरीतला दिवा मालवूनच. "उजेडात माणूस ऐकणाऱ्याचं तोंड बघून गोष्ट फिरवतो. अंधारात जे झालं तेच सांगावं लागतं," असं ते म्हणत. त्यावर त्यांचा मुलगा, भाचीचा मामेभाऊ, न चुकता म्हणायचा, "आणि अंधारात तुमचा तिसरा चहा आईला दिसत नाही."

त्या रात्री ऐकायला दोघंच होती, मामेभाऊ आणि सुट्टीला आलेली भाची. भाचीला शहराच्या मध्यभागी नोकरी लागली होती. पाळी दुपारची, म्हणजे परतायला रोज मध्यरात्र. आणि परतीचा रस्ता एकच, गॅलरीतून समोर दिसायचा तो. शहराच्या पोटातून निघून शेवटच्या उपनगरापर्यंत गेलेला रुंद महामार्ग. दिवसा त्याच्यावर मुंगीला जागा नसते. या वेळी मात्र एखादी गाडी यायची, दिव्यांच्या रांगेखालून सुसाट निघून जायची, आणि मग बराच वेळ काहीच यायचं नाही.

"मामा, रात्री तो रस्ता बरा असतो ना हो?" भाचीनं विचारलं. विचारताना तिनं पाय वर खुर्चीवर घेतले.

मामांनी उभं आयुष्य त्या महामार्गावर क्रेन चालवली होती. बंद पडलेल्या, आपटलेल्या गाड्या उचलायची क्रेन. ते म्हणाले, "रस्ता बरा असतो गं. त्याच्यावर थांबावं लागलं, तर मात्र सांगता येत नाही. माझ्या एका सोबत्याला थांबावं लागलं होतं."

"भुताची आहे का?" मामेभावानं खुर्ची पुढे ओढली.

"मला काय ठाऊक! मी आपलं झालं ते सांगतो. तुम्ही ठरवा."

त्या सोबत्याला सगळे रेडिओ म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर फार, म्हणून रेडिओ. तो ट्रक चालवायचा. महामार्गावर रात्री दुरुस्तीचं काम निघालं की एक पदर, म्हणजे एक लेन, बंद करावा लागतो. त्यासाठी ते नारंगी प्लास्टिकचे कोन ओळीनं मांडतात, पहाटेच्या गर्दीआधी उचलतात. कामावरची माणसं त्यांना टोप्या म्हणायची. "आम्ही सरळ माणसं. रोज रात्री सगळ्या शहराला टोप्या घालतो," हा त्यांचा ठरलेला विनोद.

हा विनोद सांगायचा तो पाहुणा. चार दिवसांच्या बदलीवर आला आणि कायमचा राहिला, म्हणून पाहुणा. तोंडाची टकळी अखंड चालू. ट्रकच्या मागच्या टोकाला, रस्त्यापासून गुडघाभर उंचीवर, एक लोखंडी पिंजरा असतो. पाहुणा त्यात बसायचा आणि चालत्या ट्रकमधून हात लांबवून टोप्या ठेवायचा, उचलायचा. पुढे बसलेल्या रेडिओला तो दिसायचा नाही. मध्ये टोप्यांची चळत. म्हणून पिंजऱ्यापासून केबिनच्या पाठीपर्यंत लोखंडी नळी बसवलेली होती. दोघांकडे एकेक पान्हा. पाहुण्यानं नळीवर एक ठोका मारला की थांब. दोन मारले की चल. साहेबांनी बोलायला वॉकी-टॉकी दिले होते, ते चार्जरसकट कपाटात सुखात पडले होते. नळी कधी बंद पडत नाही.

आणि ती पोकळ होती. तोंड लावून बोललं की पलीकडे बारीक ऐकू यायचं. पाहुणा तिच्यातून गाणी म्हणायचा, साहेबांच्या नकला करायचा, घरची भांडणं दोन्ही बाजूंनी करून दाखवायचा. रेडिओनं तिच्यातून कधी चकार शब्द काढला नव्हता.

पण बायको गेल्यापासून त्याला एक सवय लागली होती. काम आटोपून यार्डाकडे परतताना, मोकळ्या रस्त्यावर, तो मधूनच हात मागे नेऊन नळीवर पान्हा वाजवायचा. टण्. कामाचं काही नाही. उगीच. आणि मागून पाहुणा दोन ठोके द्यायचा. टण् टण्. आहे मी. कशासाठी वाजवलं, हे पाहुण्यानं कधी विचारलं नाही. एवढा बडबड्या माणूस, पण तेवढं मात्र त्यानं कधी विचारलं नाही.

"शहाणा होता," भाची हळूच म्हणाली.

"होताच," मामा म्हणाले.

तर ती रात्र. फेब्रुवारीतला शेवटचा रविवार संपून सोमवार लागला होता, पहाट व्हायला थोडाच अवकाश होता. ना धुकं, ना पाऊस. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. लांब पुलावरच्या सांध्याची डागडुजी करून कामगार निघून गेले होते. टोप्या उचलायच्या आणि यार्डात जायचं, एवढंच काम उरलेलं. रोजचंच.

निघताना पाहुणा केबिनशी आला. मोबाइल चार्जिंगला लावून म्हणाला, "दादा, एक सांगायचं राहिलं. एक तारखेपासून मला दिवसपाळी. पोरगी मला बघून रडते हो. तिला वाटतं, मी कुरियरवाला. सकाळी येतो नि सकाळीच झोपतो."

रेडिओनं मान हलवली. "बरं झालं," म्हणाला. दोन शब्द खर्च झाले.

पाहुणा मागे गेला. ट्रक उलटा, पावलापावलानं, पुलावरून सरकू लागला. टोप्या उचलताना तो तसाच चालवतात. पुलाच्या दोन्ही बाजूंना उंच इमारती. रेडिओ रोज त्यांच्याकडे बघायचा. त्या रस्त्याला लागून हजारो घरं आहेत, पण एकाही घराचं दार रस्त्याकडे उघडत नाही. नुसत्या खिडक्या. त्याही बंद. सगळं शहर रोज तिथून जातं, पण तिथं कोणी राहत नाही. कोणी कोणाला भेटत नाही. थांबायला तर कायद्यानं मनाई.

पुलावर मध्येच एक ठोका आला. टण्.

रेडिओ थांबला. एखादी टोपी गाडीच्या धक्क्यानं उडाली असेल, पाहुणा उतरून आणत असेल. नेहमीचंच. तो वाट बघत राहिला. एक लांबडा ट्रेलर धडधडत शेजारून गेला, पूल हलला, पुन्हा शांत झाला.

मग दोन ठोके आले.

मऊ होते. लोखंडावर लोखंड वाजतं तसे नव्हते. बोटाच्या पेरानं दार वाजवावं, तसे.

दमला असेल, रेडिओला वाटलं. उचलायच्या टोप्या आता उरल्याच नव्हत्या. त्यानं गिअर टाकला आणि ट्रक यार्डाकडे पळवला.

पूल मागे पडला. रेडिओनं सवयीनं पान्हा वाजवला. टण्.

मागून दोन ठोके. मऊ.

बरंच अंतर तो तसाच गेला. एक तारीख जवळ आली होती. नवा माणूस येईल. त्याला नळीची सवय लावावी लागेल. आणि कामाशिवाय का वाजवता, असं तो पहिल्याच रात्री विचारेल... रेडिओनं पान्हा मांडीवर ठेवला. आणि काय झालं कोण जाणे, त्यानं मान तिरकी केली, तोंड नळीला लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यातून बोलला.

"जा तू. पोरीसाठी जायलाच हवं."

दोन ठोके.

"मला काय... घरी गेलो की टीव्ही लावतो. बघत नाही. आवाज असावा म्हणून."

दोन ठोके.

एकदा बांध फुटल्यावर कोण अडवणार? बायकोच्या चपला अजून दाराशीच आहेत, ते त्यानं सांगितलं. जेवायला ताट घेत नाही, पातेल्यातच खातो, ते सांगितलं. प्रत्येक वाक्यामागे ठोके येत होते, बरोबर जागेवर, आपण गोष्ट ऐकताना हुंकार देतो ना, तसे. पाहुण्यासारखा बडबड्या माणूस आज एक अक्षर का बोलत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. पण ज्याला पहिल्यांदाच ऐकणारा मिळतो, त्याला ऐकणारा कोण आहे हे कुठं सुचतं?

"रात्री आतून कडी लावत नाही मी," तो शेवटी म्हणाला. "झोपेत काही झालं, तर लोकांना दार तोडायला नको."

या वेळी लगेच उत्तर आलं नाही.

दिवे मागे पडत राहिले. एक... आणखी एक...

मग आले. दोन. फार हलके.

यार्डाच्या फाटकाशी वळताना त्यानं शेवटचा पान्हा वाजवला. उत्तर आलं. रखवालदार कंदिलासारखी बॅटरी हलवत पुढे आला. "काय रेडिओ, आज एकटेच? पाहुण्याला कुठं सोडला?"

"मागं आहे."

"मागं कुठं? मी मागूनच आलो की."

रेडिओ उतरला. मागे गेला.

टोप्यांची चळत जागच्या जागी. पिंजरा रिकामा.

"आत्ता तर..." तो म्हणाला. त्यानं पिंजऱ्यात हात घालून पाहिला.

पडला असणार. पण कुठं? वळणावर ठोका आला होता, म्हणजे माणूस फाटकापासून हाकेच्या अंतरावर हवा. दोघांनी बॅटऱ्या घेऊन वळण पाहिलं, गटार पाहिलं, कुंपणाकडेची झुडपं पाहिली. हाका मारल्या. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. तेवढ्यात केबिनमध्ये पाहुण्याचा मोबाइल वाजला. पडद्यावर त्याची पोरगी, बोळक्या तोंडानं हसणारी. रेडिओनं उचलला.

"पोचलात का हो? पोरगी उठून बसलीय, झोपायचं नाव घेत नाही."

"वहिनी, मी... तो जरा खाली उतरलाय."

"अगंबाई, दादा, तुम्ही? तुम्ही फोनवर बोलताय?" ती हसली. मग हसणं थांबलं. "दादा, सगळं ठीक आहे ना?"

"आणतो त्याला," रेडिओ म्हणाला आणि फोन ठेवला.

तिथं उभ्या उभ्या त्याच्या मनात ते हळूहळू उतरलं. पुलावरचे ते दोन ठोके. मऊ. पाहुण्याचे नव्हतेच ते. पाहुणा तिथंच राहिलाय. आणि तिथला पदर आपण मोकळा केलाय. थोड्याच वेळात भाजीचे ट्रक सुटतील, दुधाच्या गाड्या सुटतील, कामाला निघालेली सगळी उपनगरं त्या पुलावरून धावतील.

मग यार्डापर्यंत मागे कोण बसलं होतं?

"नियंत्रण कक्षाला फोन कर. क्रेनला सांग. पुलावर," तो रखवालदाराला म्हणाला. ट्रकमध्ये चढला आणि शहराच्या दिशेनं निघाला. एकटाच.

भाचीनं मामेभावाची बाही धरली.  मामांनी चहाचा कप उचलला, रिकामा होता, पुन्हा ठेवला.

पूल काही लहान नव्हे. चालत पार करायला अर्धी रात्र लागावी एवढा. येणाऱ्या गाड्यांचा एक पूल, जाणाऱ्यांचा दुसरा, मध्ये फट. रेडिओ पलीकडच्या पुलावर चढला. नेमकं कुठं थांबलो होतो, ते अंधारात ओळखू येईना. वेग कमी केला. खिडकीतून डोकं काढून हाका मारू लागला. वारा हाका उचलून नेत होता. इमारतींच्या खिडक्या काळ्या. कोणी उठलं नाही. कोण उठणार? त्या रस्त्यावरून रोज इतके आवाज येतात.

समोरून पहिला दुधाचा टँकर आला. मग दोन ट्रक.

रेडिओनं वेग आणखी कमी केला.

आणि पाठीशी, नळीवर...

टक् टक्.

त्यानं मागे पाहिलं नाही. पाहून काय दिसणार होतं? मध्ये टोप्या.

टक् टक्.

आपण कोणी बोलावं म्हणून वाट बघतो ना... तसं.

रेडिओनं डोकं आत घेतलं. मग नळीला तोंड लावलं. 

"कोण आहेस?"

काही नाही.

"माझा माणूस कुठं आहे?"

काही नाही. नुसता चाकांचा आवाज. पूल संपत आला होता.

"त्याला लहान पोरगी आहे रे..."

काही नाही.

"तुला सोबत हवी आहे. कळलं मला. मलाही..." त्यानं गिअर उतरवला. "त्याला दाखव. तेवढं कर. मग हवं तर... हवं तर माझ्याकडे ये. माझं घर रिकामंच आहे."

शांतता.

एवढी, की इंजिनाचा आवाजही लांब गेल्यासारखा वाटला.

मग एकच ठोका.

टक्.

थांब.

रेडिओनं करकचून ब्रेक मारला. खाली उतरला. रस्ता मोकळा. कोणी नाही. तो धावत मधल्या कठड्याशी गेला, वाकला, फटीत बॅटरी मारली.

खाली अंधार. त्याहून खाली अंधार. आणि मध्ये, खांबाच्या माथ्यावर ओट्याएवढी जागा असते, तिथं एक चकाकती पट्टी. पाहुण्याच्या जाकिटाची. मांडी मोडलेली, तोंडाला कोरड, पण डोळे उघडे. छातीशी एक नारंगी टोपी धरलेली.

"दादा..." पाहुणा खालून म्हणाला, "गेलात का हो मला टाकून?"

मामांनी घसा खाकरला. "पुढचं मला कोणाकडून ऐकायची गरज नाही. क्रेन माझी होती. मीच त्याला वर घेतला. पट्ट्यात गुंडाळलेला, वर येता येता बोलतच होता. टोपी कठड्यापलीकडे लोंबत होती म्हणे, ती घ्यायला वाकला आणि गेला खाली. कितीतरी हाका मारल्या, पण गाड्यांच्या आवाजात कोणाला ऐकू येणार? रेडिओनं विचारलं, 'मग ते दोन ठोके तू दिलेस?' म्हणाला, 'दादा, मी एकच दिला. दुसरा द्यायला वर होतो कुठं?' पान्हा त्याच्या खिशातच होता."

"वाचला ना पण?" भाचीनं विचारलं.

"वाचला. पाय जरा आखूड झाला. दिवसपाळीला लागला, पोरगी आता ओळखते त्याला."

"आणि रेडिओकाका?" मामेभावानं विचारलं. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

 खाली महामार्गावरून एक गाडी गेली. तिचे दिवे दिसेनासे होईपर्यंत मामा बघत राहिले.

"दवाखान्यातून मीच त्याला क्रेनमधून घरी सोडला. उजाडलं होतं. जिना चढताना त्यानं मला सगळं सांगितलं, हे आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. पार ते... रिकाम्या घरापर्यंतचं. मग दाराशी आलो. त्यानं किल्ली लावली. किल्ली फिरली.

"दार उघडेना.

"मी खांदा लावला. हलेना. रेडिओ बाजूला उभा होता.  मी खालून सुताराला उठवून आणलं. त्यानं दाराला कान लावला आणि विचारलं, 'आत कोण आहे? आधी त्यांना हाक मारा की.'

"रेडिओ दोन पायऱ्या खाली उतरला.

"शेवटी त्यानं दार फोडलं. मी आत गेलो. खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, पलंगाखाली पाहिलं. खिडक्यांना गज. माणूस नाही, कोणी नाही. टीव्ही बंद. मागे वळलो, तर सुतार दाराकडे बघत उभा. आतली कडी चौकटीतून उखडून दाराला लोंबत होती. पुरती सरकवलेली. रेडिओनं ती कित्येक वर्षं लावली नव्हती, वरून दोनदा रंग बसून ती जाम झाली होती. मला माहीत आहे, मागल्या वेळी रंग मीच दिला होता."

 भाचीनं खुर्ची मामांच्या जवळ ओढली.

"खाली फरशीवर रंगाच्या खपल्या पडल्या होत्या," मामा म्हणाले. "ताज्या. दाराच्या आतल्या बाजूला."